विश्लेषण : केमो जिल्ह्यात येईल, पण रात्री ताप आला तर? कॅन्सरग्रस्त मुलांसाठी पहिला तास का मोलाचा?

जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केली. तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रे आणि त्यातील २०० पहिल्याच वर्षी, असे उद्दिष्ट जाहीर झाले. केमोथेरपीच्या प्रत्येक खेपेला मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठणाऱ्या कुटुंबांना यातून दिलासा मिळेल, यात शंका नाही. मुलांच्या कॅन्सरचे मुख्य उपचार मोठ्या केंद्रांतच होत राहतील. पण नंतरच्या टप्प्यांतील काही औषधे घराजवळ देता येऊ शकतील. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. केमोचे सलाइन संपवून मूल घरी गेले, की साधारण आठवड्या-दीड आठवड्याने त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत आलेला ताप हा कॅन्सरच्या उपचारांतील सर्वांत घाईच्या प्रसंगांपैकी एक असतो. डे केअर केंद्र संध्याकाळी बंद होते. ताप रात्री दोन वाजताही येतो. त्या वेळी मुलाला कुठे न्यायचे आणि तिथे काय मिळेल, याचे उत्तर अर्थसंकल्पातील घोषणेत नाही.

नेमका धोका काय?

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच. पण अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी, केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि रक्ताचे ‘काउंट’ पडतात.

पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जिवाणू आणि बुरशी यांच्याशी लढणारी पहिली फळी असतात. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. रक्तात उतरल्यावर त्यांचे आयुष्य फार तर दिवसभराचे. अस्थिमज्जेत काही दिवसांचा साठा असतो, म्हणून केमोनंतर लगेच काही जाणवत नाही. साठा संपतो, नवा माल तयार होत नाही आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ उरत नाहीत. त्याच सुमारास आतड्याचे अस्तरही सोललेले असते. आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जिवाणू तेथून रक्तात शिरतात. जंतू बाहेरूनच कुणीतरी आणला, असे नातेवाइकांना वाटते आणि भेटायला आलेल्या मावशीवर त्याचे खापर फुटते. बहुतेक वेळा तो मुलाच्याच आतड्यातला किंवा त्वचेवरचा असतो.

अडवायला कोणी नसल्याने रक्तात शिरलेला जिवाणू काही तासांत सर्वत्र पसरू शकतो. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे साथ सोडतात. दुपारी खेळणारे मूल मध्यरात्री अतिदक्षता विभागात, असा हा प्रवास असतो. भारतात रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांत उपचारांदरम्यानच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हेच आढळले आहे. म्हणजे मूल कॅन्सरने जात नाही. कॅन्सर आटोक्यात येत असताना, बरे होण्याच्या वाटेवर असताना जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दर वर्षी सुमारे चार लाख मुले आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात; गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. २०३०पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे लक्ष्य संघटनेने २०१८मध्ये ठेवले. या दरीचे कारण केवळ केमोची औषधे मिळत नाहीत, एवढेच नाही. उशिरा निदान, अर्धवट सोडलेले उपचार यांच्याइतकेच, केमो पेलण्यासाठी लागणारी आधाराची व्यवस्था नसणे, हेही मोठे कारण आहे.

‘काउंट’ म्हणजे नक्की कोणता आकडा?

सीबीसीच्या कागदावर पालकांची नजर आधी एकूण पांढऱ्या पेशींवर जाते. खरा आकडा वेगळा काढावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणायचे आणि शंभराने भागायचे. एका मुलाच्या एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, तर हाती येतात २००. दुसऱ्याच्या एकूण पेशी १,५०० पण न्यूट्रोफिल ६० टक्के, तर ९००. कागदावर पहिला बरा दिसतो, प्रत्यक्षात तो जास्त धोक्यात आहे. हा आकडा ५००च्या खाली असेल किंवा पुढच्या दोन दिवसांत जाईल अशी शक्यता असेल, तर ती गंभीर अवस्था मानली जाते. १००च्या खाली तो फार दिवस राहिला, तर धोका आणखी वाढतो.

ताप कशाला म्हणायचे, यावर केंद्रागणिक थोडा फरक आहे. एकदाच १०१ अंश फॅरनहाइट भरला किंवा १००.४ तासभर टिकून राहिला, तर तो ताप, ही सर्वसाधारण व्याख्या. काही केंद्रे १००.४ एकदा भरला तरी लगेच यायला सांगतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जो आकडा दिला असेल तोच पालकांनी धरावा. घरात थर्मामीटर हवा. हात लावून ‘अंग जरा कोमट वाटतेय’ हे मोजमाप इथे चालत नाही.

तापाशिवाय दुसरे लक्षण का दिसत नाही?

एरवी जंतुसंसर्ग झाला की सूज येते, लाली येते, पू होतो, छातीच्या एक्स-रेत डाग दिसतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच. त्याच नसतील तर पू होणार कसा? त्यामुळे गळू न होता गुदद्वाराजवळ फक्त दुखते, न्यूमोनिया असून एक्स-रे स्वच्छ निघतो, आणि पोटात गंभीर संसर्ग असताना पोट फक्त ‘थोडे दुखतेय’ असे मूल सांगते. शरीराची धोक्याची बहुतेक बटणे बंद पडलेली असतात. ताप हे एकच चालू असते.

कधी तेही बंद असते. रक्ताच्या कॅन्सरच्या पहिल्या महिन्यातील उपचारांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड औषधे भरपूर दिली जातात. ती ताप दाबून ठेवतात. अशा मुलाला ताप नसतानाही गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो. मूल एकदम मलूल झाले, हातपाय गार पडले, श्वास जोरात चालू लागला, लघवी कमी झाली किंवा पोट असह्य दुखू लागले, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी रुग्णालय गाठायला हवे. छातीत पोर्ट किंवा दंडात पिक लाइन बसवलेल्या मुलाला ती लाइन धुतल्यानंतर हुडहुडी भरली, तर लाइनमध्येच जंतू असल्याची शंका घ्यावी लागते.

पॅरासिटामॉलचा प्रश्न इथेच येतो. ताप आला की गोळी द्यायची, ही घराघरातली सवय. ताप मोजण्याआधी आणि डॉक्टरांशी बोलण्याआधी ती दिली, तर एकमेव इशाराच पुसला जातो. ताप उतरला म्हणून सगळे झोपी जातात आणि जंतू मात्र जागा असतो. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर टाळायलाच हवीत. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या मुलाला त्यातून रक्तस्रावाचा धोका असतो.

उपचारांची ही पद्धत आली कुठून?

न्यूट्रोफिलचा आकडा आणि जंतुसंसर्ग यांचे नाते अमेरिकेतील जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांवरील अभ्यासातून दाखवून दिले. आकडा जितका खाली आणि जितके दिवस खाली, तितका धोका मोठा, हे त्यांचे निरीक्षण आजही पायाभूत मानले जाते. तेव्हाची रीत मात्र नेहमीचीच होती : रक्ताचा नमुना कल्चरला पाठवायचा, जंतू कोणता हे कळले की औषध द्यायचे. कल्चरला एक-दोन दिवस लागत. तोवर अनेक रुग्ण दगावत. १९७१मध्ये स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप येताच, अहवालाची वाट न पाहता दोन प्रतिजैविके सुरू केल्यास रुग्ण वाचतात, हे मांडले. आधी औषध, मग निदान, हा क्रम तेथून रूढ झाला. वैद्यकशास्त्रात एरवी ज्याला उतावळेपणा म्हटले जाईल, तो इथे नियम झाला.

एका तासाचा आग्रह कशासाठी?

मूल दारात आल्यापासून प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेत जाईपर्यंत ६० मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, हा अनेक देशांतील कॅन्सर केंद्रांनी स्वीकारलेला निकष आहे. या तासाभरात मुलाला तपासायचे, लाइनमधून किंवा शिरेतून कल्चरसाठी रक्त घ्यायचे आणि इंजेक्शन सुरू करायचे. सीबीसीचा अहवाल येईपर्यंत थांबायचे नाही.

बरोबर ६० या आकड्यामागे भक्कम पुरावा आहे का? प्रामाणिकपणे सांगायचे तर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जास्त आजारी दिसणाऱ्या मुलाला डॉक्टर आपोआप लवकर औषध देतात, त्यामुळे आकडेवारीत गोंधळ होतो. आणि निम्म्या मुलांना मुद्दाम उशिरा औषध देऊन पाहणारी चाचणी कोणी करणार नाही. पण या वादाचा अर्थ ‘६० की ९० मिनिटे’ एवढाच आहे. सहा तास किंवा बारा तास चालतील, असे कोणीच म्हणत नाही. आणि महाराष्ट्रातील अनेक मुलांच्या बाबतीत प्रश्न मिनिटांचा नसून तासांचाच आहे.

महाराष्ट्रात घोडे अडते कुठे?

तासाचे घड्याळ रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. दारापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही. नंदुरबारहून मुंबई रस्त्याने जवळपास ४०० किलोमीटर, गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. मूल केमो घेऊन गावी गेले आणि दहाव्या दिवशी रात्री ताप भरला, तर घरच्यांसमोर दोन वाटा असतात. पहिली, सकाळची गाडी पकडून मोठ्या रुग्णालयात जायचे. दुसरी, गावातल्या डॉक्टरांकडे जायचे.

दुसरी वाट जवळची असली, तरी तिथे अडचण वेगळी. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची रांग लागलेली असते. ताप, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, असा अहवाल पाहिला की डेंग्यूचे निदान सहज सुचते. डेंग्यूतही नेमके हेच आकडे पडतात. इतरांसाठी ‘व्हायरल आहे, पाणी भरपूर द्या, दोन दिवस पाहू’ हा सल्ला योग्यही असतो. कॅन्सरच्या मुलासाठी तोच सल्ला घातक ठरतो. काही डॉक्टर कॅन्सरची फाइल पाहताच हात आखडता घेतात आणि ‘जिथे उपचार चालू आहेत तिथेच न्या’ असे सांगून पाठवतात. भावना समजण्यासारखी आहे. पण पहिला डोस न देता केलेली रवानगी म्हणजे प्रवासाचे सगळे तास जंतूच्या खात्यात जमा करणे होय.

खरे तर पहिल्या डोससाठी कॅन्सरतज्ज्ञ लागत नाही. शीर शोधू शकणारी परिचारिका, मुलाचे वजन, एक इंजेक्शन आणि मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी एक फोन, एवढ्यावर ते काम होते. रक्तदाब कमी असेल तर सलाइनचा बोलस. पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम आणि ॲमिकासिन ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. यादीत असणे आणि रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयातील कपाटात असणे, यांत फरक आहे आणि तोच मोजला जायला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यातून दाखल झाल्यानंतरच्या खर्चाचा भार हलका होतो. घराजवळ त्या रात्री इंजेक्शन टोचणारे कोणी आहे की नाही, हे योजना ठरवत नाही.

मुंबईत एक उपाय वेगळ्याच कारणाने उभा राहिला. बिहार, उत्तर प्रदेशापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात मुलांना घेऊन येतात आणि महिनोन् महिने मुक्काम करतात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत निवास देते. कॉटन ग्रीन परिसरातही तिचे संकुल आहे. याकडे सहसा धर्मादाय सोय म्हणून पाहिले जाते. वैद्यकीय नजरेने पाहिले तर काउंट पडलेले मूल रुग्णालयापासून काही मिनिटांवर राहते, स्वच्छ स्वयंपाकघरातले खाते आणि फुटपाथवर झोपत नाही. निवासाची खोली हाही उपचारांचाच भाग आहे. मात्र वर्षभर घरदार, शेती आणि दुसरी मुले सोडून मुंबईत राहणे प्रत्येक कुटुंबाला जमत नाही. उपचार मध्येच सोडण्याचे तेही एक कारण असते.

कोणते प्रतिजैविक, आणि ते लागू पडते का?

जगभरातील बालकर्करोगतज्ज्ञांच्या गटाने मुलांमधील या तापासाठी २०१२मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्या २०१७ आणि २०२३मध्ये सुधारण्यात आल्या. जास्त धोक्यातील मुलाला स्युडोमोनास या जिवाणूवरही चालणारे एकच सशक्त औषध द्यावे. मूल अत्यवस्थ असेल किंवा त्या रुग्णालयात दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण जास्त असेल, तर दुसरे जोडावे, असा त्यांचा सारांश. पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम, मेरोपेनेम ही त्यातली नेहमीची नावे.

भारतात खरी डोकेदुखी शेवटच्या अटीची आहे. पाश्चात्त्य देशांत या मुलांच्या रक्तात त्वचेवरचे ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू बऱ्याचदा सापडतात. आपल्याकडे आतड्यातून आलेल्या ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंचा वरचष्मा आहे आणि तेच जास्त वेगाने मारतात. त्यात औषधांना न जुमानणारे वाण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत, रुग्णालयांतून आलेल्या क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर इमिपेनेमसारखे राखीव समजले जाणारे औषधही निष्प्रभ दिसते. अशा वेळी परदेशी पुस्तकातील औषध डोळे मिटून वापरता येत नाही. प्रत्येक केंद्राला आपल्याच वॉर्डातील कल्चरचे अहवाल दर वर्षी मांडून, कोणते औषध आधी द्यायचे ते ठरवावे लागते. सर्दी-खोकल्यासाठी मेडिकलच्या दुकानातून घेतलेली गोळी आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेले औषध यांचा हिशोब शेवटी या वॉर्डात चुकता होतो, हेही नमूद करायला हवे.

चार दिवस उलटूनही ताप उतरला नाही आणि काउंटही वर आले नाहीत, तर बुरशीची शंका घेतात. छातीचा सीटी स्कॅन होतो, बुरशीविरोधी औषध सुरू होते. ॲस्परजिलस ही बुरशी हवेतल्या धुळीतून फुप्फुसात जाते. रुग्णालयाच्या आवारात बांधकाम चालू असेल, तर तो कॅन्सर वॉर्डासाठी केवळ आवाजाचा त्रास नसतो.

प्रत्येक मुलाला दाखल करावेच लागते का? औषध कधी थांबवायचे?

रक्तात जंतू सापडतात ते साधारण चार-पाच मुलांमागे एखाद्याच्याच. बाकीच्यांत ताप विषाणूचा असतो किंवा कारण कळतच नाही. पण पहिल्या तासात कोण कोणत्या गटातला, हे सांगता येत नसल्याने सुरुवात सगळ्यांना सारखीच करावी लागते. सवलत त्यानंतरची.

या सवलतीचा अभ्यास चिलीसारख्या, भारताप्रमाणेच खाटांची चणचण असलेल्या देशात झाला, हे लक्षणीय आहे. तेथील मारिया एलेना सांतोलाया आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये धोक्याच्या पाच खुणा सांगितल्या : रक्तातील सीआरपी ९० किंवा त्याहून जास्त, रक्तदाब कमी, उलटलेला रक्ताचा कॅन्सर, प्लेटलेट ५० हजार किंवा त्याहून कमी आणि केमो होऊन सात दिवसही न झालेले असणे. पुढे २००४मध्ये त्यांनी कमी धोक्यातील मुलांना लवकर घरी सोडूनही परिणाम तितकेच चांगले राहतात आणि खर्च घटतो, हे दाखवले.

औषध थांबवण्याबाबतही धारणा बदलत आहेत. पूर्वी काउंट वर येईपर्यंत, म्हणजे कधी दोन-दोन आठवडे, सलाइन चालूच ठेवत. २०२३च्या सूचनांनुसार कमी धोक्यातील मूल ठीक दिसत असेल, ताप गेला असेल आणि ४८ तासांनंतरही कल्चरमध्ये काही उगवले नसेल, तर काउंट वर आले नसले तरी औषध थांबवण्याचा विचार करता येतो. भारतातील ‘डालफेन’ या २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही कमी धोक्यातील मुलांचे औषध लवकर थांबवणे आणि चालू ठेवणे, यांत अपयशाचे प्रमाण लक्षणीय वेगळे आढळले नाही. जितके कमी दिवस औषध, तितकी दाद न देणारे जंतू तयार होण्याची संधी कमी, आणि दारात ताटकळणाऱ्या पुढच्या मुलासाठी खाट मोकळी.

पण ही सवलत सरसकट नाही. घरी सोडायचे तर घर रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर हवे, फोन उचलणारे कोणी हवे, थर्मामीटर आणि रात्रीची गाडी हवी. शिवाय परदेशात अशा मुलांना लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. आपल्याकडे आतड्यातल्या जिवाणूंनी त्या गटाच्या औषधांना बऱ्याच अंशी भीक घालणे सोडले आहे. म्हणून घाटकोपरच्या मुलासाठी योग्य असलेला निर्णय भामरागडच्या मुलासाठी चुकीचा ठरू शकतो, दोघांचे अहवाल सारखेच असले तरी.

घरी काय सांभाळायचे?

‘काउंट वाढवायचे इंजेक्शन द्या,’ ही पालकांची नेहमीची मागणी. १९९०च्या दशकापासून वापरात असलेले फिलग्रॅस्टिम काही प्रकारच्या केमोनंतर आधीच देतात. ताप आल्यानंतर ते प्रत्येकाला देण्याची शिफारस नाही. त्याने काउंट थोडे लवकर वर येतात, पण जीव वाचण्याचे प्रमाण त्याने स्पष्टपणे वाढल्याचे दिसलेले नाही. पपईच्या पानांचा रस, बकरीचे कच्चे दूध यांनी न्यूट्रोफिल वाढतात याला आधार नाही. उलट कच्च्या रसातून आणि न तापवलेल्या दुधातून जंतूच पोटात जायचे.

त्याच्या उलट टोकाला फळे, कोशिंबीर, दही सगळेच बंद करणारी घरे आहेत. मूल आधीच खात नाही, त्यात आवडीचे सगळे हिरावले जाते. अमेरिकेत १५० मुलांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा कडक आहार आणि साधी अन्नस्वच्छता यांची तुलना झाली; जंतुसंसर्गाच्या प्रमाणात फरक पडला नाही. ताजे शिजवलेले अन्न, उकळलेले पाणी, धुऊन सोललेले केळे-संत्रे आणि उघड्यावरचे काही नाही, एवढे पुरे. हात साबणाने धुणे, दिवसातून काही वेळा चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी को-ट्रायमॉक्साझोलची गोळी न चुकवणे, यांचा उपयोग त्यापेक्षा जास्त होतो. गुदद्वारातून ताप मोजणे, एनिमा किंवा गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या मात्र पूर्ण वर्ज्य. तिथली इजा थेट रक्तात जंतू सोडते. सर्दी-ताप असलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवण्यात भिडस्तपणा नको.

व्यवस्था कशी बसवता येईल?

ब्रिटनमध्ये मुलांच्या कॅन्सरची मोजकी मोठी केंद्रे आहेत आणि त्यांना जोडलेली स्थानिक रुग्णालये. केमोचा आराखडा मोठे केंद्र ठरवते. ताप आला की मूल घराजवळच्या जोडलेल्या रुग्णालयात जाते. तिथल्या बालरोग विभागाला काय करायचे ते लिहून दिलेले असते. न्यूट्रोफिल कमी असताना आलेला ताप ही तातडीची वैद्यकीय अवस्था समजून लगेच प्रतिजैविक सुरू करा, असे तेथील राष्ट्रीय सूचना २०१२ पासून सांगतात.

महाराष्ट्रासाठी हे अगदीच दूरचे नाही. देशातील कॅन्सर केंद्रांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे. जिल्हा रुग्णालयांत बालरोगतज्ज्ञ आहेत, नवजात बालकांचे कक्ष आहेत, म्हणजे लहानग्यांची शीर शोधणारे हात आहेत. नव्या डे केअर केंद्रांसोबत त्याच रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पहिल्या डोसची दोन औषधे, वजनानुसार मात्रेचा भिंतीवर लावलेला तक्ता आणि मोठ्या केंद्राचा रात्रीही उचलला जाणारा क्रमांक, एवढे ठेवायला वेगळी इमारत लागत नाही. केंद्रांच्या कामगिरीत ‘किती केमो दिल्या’ याबरोबर ‘ताप आलेल्या मुलाला किती मिनिटांत इंजेक्शन मिळाले’ हाही आकडा नोंदवला गेला, तर उणीव कुठे आहे ते लगेच दिसेल. आज तो बहुतेक ठिकाणी नोंदवलाच जात नाही.

तोवर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक कार्ड. मुलाचे नाव, आजार, शेवटच्या केमोची तारीख, वजन, पोर्ट आहे की नाही, कोणत्या औषधाची ॲलर्जी. आणि खाली ठळक अक्षरांत, मराठीत व इंग्रजीत : ‘या मुलाला ताप असल्यास सीबीसीची वाट न पाहता, कल्चर घेऊन तासाभरात पुढील इंजेक्शन द्यावे. कल्चरची सोय नसल्यास त्यासाठी थांबू नये. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नये. पहिला डोस दिल्यानंतरच पुढे पाठवावे.’ रात्रपाळीतील अनोळखी डॉक्टरांसमोर घाबरलेल्या आईला आजाराचे इंग्रजी नाव आठवत नसते. कार्ड पुढे करणे तिला जमते.